विद्यापीठाच्या ग्रंथालयातून चित्रपट नेताना आणि दाखवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रंथालयाच्या दृक्‌श्राव्य विभागात डीव्हीडी आणि व्हीसीडी सर्वांत जास्त आहेत. त्याखेरीज थोड्या ब्लू-रे, जुन्या व्हीएचएस कॅसेट आणि माहितीपटांची १६ मिलिमीटरची काही रिळं आहेत. पुस्तकांच्या देवघेवीपेक्षा इथले नियम कडक आहेत. पुस्तक हरवलं तर दुसरी प्रत बहुधा कुठे ना कुठे विकत मिळते. मराठी चित्रपटाची पंधरा-वीस वर्षांपूर्वीची व्हीसीडी हरवली तर ती पुन्हा बाजारात मिळण्याची आशा फारशी नसते, आणि कित्येक चित्रपटांची घरी बघण्याजोगी प्रत तेवढीच निघाली. पुढची उत्तरं वाचताना एवढं ध्यानात ठेवावं.

चित्रपट कोणाला मिळतात आणि किती दिवसांसाठी?

विद्यार्थ्यांना एका वेळी २ चित्रपट ३ दिवसांसाठी, शिक्षक आणि पीएचडीच्या संशोधकांना ४ चित्रपट ७ दिवसांसाठी. दोन-तीन डिस्कचा संच एकच चित्रपट धरला जातो. दुसऱ्या कोणी मागणी नोंदवली नसेल तर मुदत एकदा वाढवून मिळते. जाकिटावर 'फक्त विभागात पाहण्यासाठी' असा लाल शिक्का असलेली प्रत बाहेर जात नाही. ती विभागातल्या खोलीत हेडफोन लावून बघता येते.

अभ्यासासाठी नेत असाल तर तीन दिवसांत चित्रपट दोनदा बघा. पहिल्यांदा न थांबवता सलग, दुसऱ्यांदा टिपणं काढत. पहिल्याच वेळी थांबत थांबत बघितलं की चित्रपटाची लय हातातून निसटते.

ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीत, चित्रपट सापडत नाही. विभागात आहे म्हणतात, मग दिसत का नाही?

याची दोन कारणं नेहमीची आहेत. पहिलं म्हणजे दिग्दर्शकाचं नाव 'लेखक' या रकान्यात टाकून शोधणं. चित्रपटाची मुख्य नोंद शीर्षकाखाली होते. दिग्दर्शकाची जोडनोंद केलेली असते, पण जुन्या नोंदींत ती राहून गेलेली असू शकते. म्हणून आधी शीर्षकाने शोधा. दुसरं कारण रोमन लिपीतलं स्पेलिंग. जुन्या नोंदी रोमनमध्ये आहेत आणि व्हीसीडीच्या जाकिटावर जे छापलं होतं तेच त्यांत उतरलं आहे. एकच 'कुंकू' शेवटी एक यू किंवा दोन ओ लावून सापडतो. एका स्पेलिंगने हाती काही लागलं नाही तर पहिली तीन-चार अक्षरंच टाका आणि साहित्यप्रकारात 'दृक्‌श्राव्य' निवडा.

नुसतं चाळायचं असेल तर ७९१.४३ हा वर्गांक (विषयाचा ठरलेला क्रमांक) टाका. मात्र शेतीवरचा माहितीपट शेतीच्या वर्गांकाखाली आणि नाटकाचं चित्रीकरण नाटकाखाली असतं, ते तिथेच शोधावं लागतं.

'कुंकू' मागितला तर 'दुनिया न माने'ची डिस्क मिळाली. एकच चित्रपट आहे ना?

नाही. आणि प्रबंधाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. प्रभात फिल्म कंपनीने अनेक चित्रपट मराठीत आणि हिंदीत वेगवेगळे चित्रित केले. नंतर आवाज बदलून ते केलेले नाहीत. 'अयोध्येचा राजा' (१९३२) पासूनच ही पद्धत दिसते. 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' (१९३७), 'माणूस' आणि 'आदमी' (१९३९), 'शेजारी' आणि 'पडोसी' (१९४१) अशा जोड्या आहेत. कधी कलाकारही बदललेले असतात. 'शेजारी'त जिवबाची भूमिका केशवराव दात्यांची, तर 'पडोसी'त त्याच जागी असलेल्या ठाकूरची भूमिका मझहर खान यांची. दुसरा शेजारी मिर्झा दोन्हीकडे गजानन जागीरदारच. 'पडोसी' बघून 'शेजारी'वर लिहिलं तर अभिनयाबद्दलचं आख्खं प्रकरण चुकेल.

आपल्या हातात कोणती आवृत्ती आहे हे जाकिटावरून ठरवू नका. डिस्क लावा, श्रेयनामावली बघा आणि पहिले दहा मिनिटं संवाद ऐका.

देवघेव खिडकीवर डिस्क घेताना काय तपासायचं?

खोका तिथेच उघडा. डिस्क किती आहेत आणि खोक्यावर किती लिहिल्या आहेत हे जुळवा. सर्वांत जास्त तक्रारी इथेच होतात : आधीच्या वाचकाची दुसरी डिस्क त्याच्या प्लेअरमध्ये राहिलेली असते, खोका बंद असल्यामुळे कोणी बघत नाही, आणि घरी गेल्यावर चित्रपट मध्यंतरालाच संपतो. मग डिस्क उजेडासमोर तिरकी धरून मधल्या भोकापासून निघालेली चीर आहे का ते बघा. चीर असलेली डिस्क नेऊ नका. ड्राइव्हमध्ये वेगाने फिरताना तिचे तुकडे होतात आणि ड्राइव्हही जातो.

आधीपासून असलेले ओरखडे कर्मचाऱ्याला दाखवून नोंदवून घ्या. परत करताना वाद होत नाही.

डिस्क काढताना मधली पकड बोटाने दाबून डिस्क उचलायची. पकड न दाबता कड धरून ओढली की ती वाकते, आणि वाकवता वाकवता आतल्या भोकाशी चीर जाते.

व्हीसीडी, डीव्हीडी, ब्लू-रे : माझ्याकडे काय चालेल?

व्हीसीडीत चित्र ३५२ × २८८ बिंदूंचं असतं आणि एका डिस्कवर ७४ ते ८० मिनिटं मावतात. म्हणूनच मराठी चित्रपट दोन किंवा तीन डिस्कमध्ये येतो. लॅपटॉपवर व्हीसीडी घातली की पुष्कळदा काहीच सुरू होत नाही आणि डिस्क बिघडली असं वाटतं. व्हीएलसी हा चित्रफिती चालवणारा प्रोग्राम उघडा, 'ओपन डिस्क'मध्ये व्हीसीडी निवडा. तरी चाललं नाही तर डिस्कवरचं 'एमपीईजीएव्ही' नावाचं फोल्डर उघडा आणि त्यातली डीएटी फाइल व्हीएलसीत ओढून टाका. चित्रपट त्याच फाइलमध्ये असतो.

डीव्हीडीत चित्रपट 'व्हिडिओ टीएस' फोल्डरमध्ये असतो. शेजारचं 'ऑडिओ टीएस' फोल्डर रिकामं दिसतं म्हणून आवाज नाही असा समज करून घेऊ नका. चित्रपटाच्या डीव्हीडीत ते रिकामंच असतं, आवाज चित्राबरोबर पहिल्या फोल्डरमध्ये आहे.

रीजन म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागात चालावी याची खूण. ही भानगड परदेशातून आलेल्या डिस्कना. भारत डीव्हीडीसाठी रीजन ५ मध्ये आणि ब्लू-रेसाठी रीजन सीमध्ये येतो. अमेरिकेतून आणलेली रीजन १ ची डीव्हीडी इथल्या घरगुती प्लेअरवर चालेलच असं नाही. संगणकाचा ड्राइव्ह रीजन बदलायचा का असं विचारतो. हा बदल फक्त ५ वेळा करता येतो आणि पाचव्यांदा निवडलेलं रीजन कायमचं राहतं. विभागातल्या आणि वर्गांतल्या संगणकांवर हा बदल करू नका, आमच्याकडे सर्व रीजनचा प्लेअर आहे. जाकिटावरच्या गोलात ० किंवा 'ऑल' असेल तर काहीच अडचण नाही.

ब्लू-रे साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये चालत नाही. ब्लू-रे ड्राइव्ह असला तरी बाजारात विकलेली डिस्क व्हीएलसीत सहसा उघडत नाही, कारण ती कुलूपबंद असते. ब्लू-रेसाठी प्लेअरच घ्या.

लॅपटॉपला ड्राइव्हच नाही. काय करू?

विभागात यूएसबीवर चालणारे बाहेरचे ड्राइव्ह आहेत, चित्रपटाबरोबरच मिळतात. ड्राइव्ह थेट लॅपटॉपला जोडा. यूएसबी हबमधून जोडला की वीज कमी पडते : डिस्क फिरायला लागते, दोन-तीन वेळा खुट खुट आवाज येतो आणि ड्राइव्ह दिसेनासा होतो.

चित्रपट एका जागी अडकतो किंवा चौकोन चौकोन दिसतात.

डिस्क काढून चमकती बाजू बघा. बोटांचे ठसे किंवा धूळ असेल तर मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसू नका. डिस्कवरची माहिती गोलाकार ओळींत लिहिलेली असते. कडेकडे गेलेला ओरखडा ती ओळ एका बिंदूत कापतो आणि प्लेअर चूक भरून काढतो. गोल ओरखडा मात्र एकाच ओळीवर लांबपर्यंत जातो, तो भरून निघत नाही. चिकट डाग असेल तर कापड पाण्याने किंचित ओलं करा. टूथपेस्ट, काच पुसायचं निळं द्रव, थिनर यांतलं काहीही लावू नका.

व्हीसीडीची छापील बाजूही जपा. व्हीसीडीत माहितीचा थर छापील बाजूच्या अगदी खाली, पातळ लाखेच्या आवरणाखाली असतो. त्या बाजूने गेलेला खोल ओरखडा कशानेही दुरुस्त होत नाही. डीव्हीडीत हा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून ती जास्त टिकते. दोन्हींवर बॉलपेनने लिहू नका, नावाची चिठ्ठी चिकटवू नका.

पावसाळ्यात वातानुकूलित खोलीतून बाहेर आणलेल्या डिस्कवर दव जमतं. अर्धा तास खोक्यातच राहू द्या, मग लावा. आणि एप्रिल-मेमध्ये स्कूटरच्या डिकीत डिस्क ठेवू नका. ती वाकते, आणि वाकलेली डिस्क पुन्हा सरळ होत नाही.

व्हीएचएस कॅसेट आणि १६ मिलिमीटरची रिळं घरी मिळतील का?

नाही, ती विभागातच दाखवली जातात. कॅसेटवरची माहिती चुंबकीय असते. पुस्तकांच्या सुरक्षापट्ट्या निष्क्रिय करणाऱ्या यंत्रावरून कॅसेट गेली तर चित्र आणि आवाज पुसले जाऊ शकतात. विभागाबाहेर नेऊन देवघेव खिडकीवर ठेवलेली कॅसेट चुकून त्या यंत्रावर ठेवली जाण्याचा धोका आम्ही घेत नाही. कोकणपट्टीच्या आणि मुंबईच्या दमटपणात कॅसेटला बुरशीही लागते. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून बघितलं तर रिळाच्या कडेला पांढरट भुकटी दिसते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली की बुरशी हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. तुम्हाला दिलेल्या कॅसेटमध्ये असं काही दिसलं तर न लावता सांगा.

रिळाच्या डब्यातून व्हिनेगरसारखा वास येत असेल तर डबा लगेच बंद करून कर्मचाऱ्याला द्या. तो वास ॲसिटेट फिल्म विघटित होऊ लागल्याची खूण आहे. त्यातून निघणारं आम्ल शेजारच्या रिळांनाही खराब करतं, म्हणून असं रीळ वेगळं ठेवावं लागतं.

आपल्याकडची प्रत पूर्ण आहे की कापलेली, हे कसं ओळखायचं?

सेन्सॉर प्रमाणपत्रापासून सुरुवात करा. ते बहुतेक डिस्कवर पहिल्या काही सेकंदांत येतं. तिथे थांबवा. जुन्या प्रमाणपत्रावर रिळांची संख्या आणि लांबी मीटरमध्ये किंवा फुटांत असते. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर चालते. समजा लांबी ३५०० मीटर आहे. २७.४ ने भागा, १२८ मिनिटं येतात.

आता डिस्कची वेळ १२३ मिनिटं दिसली तर लगेच 'पाच मिनिटं कापली' असं लिहू नका. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेमनी) चित्रित होतो आणि 'पाल' या टीव्हीच्या पद्धतीच्या डिस्कवर २५ चौकटींनी चालतो. त्यामुळे तो ४ टक्के लवकर संपतो. १२८ मिनिटांचे १२३ होतात, एकही चौकट न कापता. 'एनटीएससी' या दुसऱ्या पद्धतीच्या डिस्कवर वेळ मूळचीच राहते, आणि भारतात निघालेल्या कित्येक डीव्हीडी एनटीएससी असतात. म्हणून जाकिटावर पद्धत बघूनच हिशेब करा. याच उदाहरणात वेळ ११० मिनिटं आली तर मात्र खरोखरच काहीतरी गेलं आहे. बहुतेक वेळा गाणं किंवा विनोदी उपकथानक गेलेलं असतं. प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात मंडळाने सुचवलेली कापाकापी नोंदवलेली असते, तीही वाचा. पडद्यावर हा भाग दिसेलच असं नाही.

संगीताच्या अभ्यासकांसाठी इथे एक महत्त्वाची गोष्ट आहे. पाल डिस्कवर गती वाढते तशी पट्टीही चढते, जवळजवळ पाऊण अर्धस्वराने. मूळ पांढरी एकमधलं गाणं काळी एकच्या जवळ ऐकू येतं. गायकाची पट्टी चित्रपटाच्या डिस्कवरून ठरवू नका, ध्वनिमुद्रिका ऐका.

पेनड्राइव्हवर चित्रपट कॉपी करून मिळेल का? निदान खराब होत आलेल्या प्रती तरी ग्रंथालयाने डिजिटल का करू नयेत?

कॉपी मिळणार नाही. डीव्हीडीवरचं संरक्षण तोडून हक्कभंगासाठी प्रत करणं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५ए खाली गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

जतनाबद्दलचा प्रश्न रास्त आहे, आणि आम्हालाही तो टोचतो. कलम ५२(१)(एन) नुसार अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याजवळ असलेल्या बिगर-डिजिटल प्रतीची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक साठवण करता येते. व्हीएचएस कॅसेट बिगर-डिजिटल आहे. व्हीसीडी मात्र मुळातच डिजिटल, त्यामुळे या शब्दांत ती बसवणं अवघड जातं. सगळ्यांत लवकर नाहीशी होत चाललेली गोष्ट तीच आहे, तरीही. म्हणून व्हीसीडी आम्ही मुळातच जपून वापरतो.

भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. १९६० साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटाचा हक्क ३१ डिसेंबर २०२० ला संपला. पण त्यातल्या गीतांचा आणि संगीताचा हक्क वेगळा चालतो, त्या कर्त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत. तेव्हा जुना चित्रपट म्हणजे सगळं मोकळं, असं समजू नका.

वर्गात चित्रपट दाखवायला निर्मात्याची परवानगी लागते का?

वर्गात लागत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(जे) नुसार शिक्षणसंस्थेच्या कार्याचा भाग म्हणून चित्रपट दाखवता येतो. अट प्रेक्षकांची आहे : संस्थेतले शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कार्याशी संबंधित व्यक्ती, एवढेच. विद्यार्थ्यांचं चित्रपट मंडळही याच चौकटीत बसतं, दारावर ओळखपत्र बघितलं जात असेल तर.

फलकावर 'सर्वांना खुला प्रवेश' लिहिलं की ही सवलत संपते. तिकीट लावलं, देणगीपेटी ठेवली, समाजमाध्यमांवर गावभर निमंत्रण दिलं, गणेशोत्सवात मैदानावर पडदा बांधला, तर हक्कधारकाकडून लेखी परवानगी घ्यावी लागते. चित्रपट फुकट दाखवला म्हणून परवानगी लागत नाही, हा समज चुकीचा आहे. कायदा प्रेक्षक कोण हे विचारतो, पैसे घेतले का एवढंच विचारून थांबत नाही.

माझ्या स्वतःच्या ओटीटी खात्यावरून वर्गात दाखवलं तर?

ओटीटी खातं घेताना तुम्ही व्यक्तिगत वापराचा करार मान्य केलेला असतो. कायद्याची सवलत एका बाजूला आणि करार दुसऱ्या बाजूला, असा पेच त्यातून उभा राहतो. शिवाय केबलमधून प्रोजेक्टरला जोडलं की बऱ्याचदा पडदा काळाच राहतो, फक्त आवाज येतो. नेटफ्लिक्सने आपल्या काही माहितीपटांना शैक्षणिक प्रदर्शनाची परवानगी दिली आहे आणि तसा उल्लेख त्यांच्या माध्यमांसाठीच्या संकेतस्थळावर त्या माहितीपटाच्या पानावर असतो. तेवढे माहितीपट दाखवा. बाकीच्यांसाठी डिस्क मागवायला सांगा.

आवारात अकरावी-बारावीचे विद्यार्थीही आहेत. प्रमाणपत्राचं काय?

'ए' प्रमाणपत्राचा चित्रपट १८ वर्षांखालच्यांना दाखवता येत नाही, अभ्यासक्रमात असला तरी. २०२४ च्या नव्या नियमांपासून 'यूए'चे ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन स्तर झाले आहेत. जुन्या डिस्कवर नुसतं 'यूए' असेल.

सभागृहात चित्रपट लावायचा आहे. काय काय बघावं?

आदल्या दिवशी, त्याच सभागृहात, त्याच लॅपटॉपवर, तीच डिस्क किमान १५ मिनिटं लावून बघा. सुरुवातीची पाच, मधली पाच आणि दुसऱ्या डिस्कची पाच. घरी चालली होती, याला इथे काही अर्थ नाही.

सर्वांत जास्त घोटाळा आवाजाचा होतो. नेहमीचं चित्र असं : पार्श्वसंगीत पोकळ, लांबून आल्यासारखं ऐकू येतं आणि संवाद जवळजवळ गायब. लोक डिस्कला दोष देतात, दोष केबलचा असतो. लॅपटॉपची ३.५ मिलिमीटरची स्टिरिओ पिन सरळ मिक्सरच्या माइकच्या खाचेत जाईल अशी केबल लावली की मिक्सर डावा आणि उजवा आवाज एकमेकांतून वजा करतो. संवाद दोन्हीकडे सारखेच असतात, म्हणून ते शून्य होतात. जुन्या चित्रपटांत सगळाच आवाज दोन्हीकडे सारखा असतो, तिथे काहीच ऐकू येत नाही. एका टोकाला ३.५ मिलिमीटरची स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला ६.३५ मिलिमीटरच्या दोन मोनो पिना अशी केबल वापरा आणि त्या मिक्सरच्या दोन वेगळ्या लाइन खाचांत लावा. ही केबल विभागात आहे, चित्रपटाबरोबर मागून घ्या.

संवाद ऐकू येतात पण फार हळू, असं असेल तर डिस्कच्या मेनूत ५.१ ऐवजी स्टिरिओ ध्वनिपट्टी निवडा. ५.१ मध्ये संवाद मधल्या स्पीकरसाठी असतात आणि तो स्पीकर आपल्या सभागृहात नाही. व्हीजीए केबलमधून आवाज जातच नाही. एचडीएमआय लावली तर आवाज प्रोजेक्टरच्या बारीकशा स्पीकरमधून येऊ लागतो. लॅपटॉपच्या आवाजाच्या चिन्हावर क्लिक करून तो हेडफोनच्या खाचेकडे वळवा.

चित्राबद्दल : १९५० च्या आधीचे चित्रपट जवळपास चौरस चौकटीचे, १.३७ : १ प्रमाणाचे आहेत. प्रोजेक्टर १६ : ९ वर ठेवून पडदा भरायचा आग्रह धरला की सगळी माणसं बुटकी आणि रुंद दिसतात. प्रोजेक्टर ४ : ३ वर न्या किंवा व्हीएलसीत 'ए' कळ दाबत योग्य प्रमाण शोधा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतील, ते तसेच राहू द्या. हालचालीत आडव्या दातेरी रेषा दिसत असतील तर 'डी' दाबा. व्हीसीडी असेल तर पूर्ण पडदा भरू नका. चित्र निम्म्या आकारात ठेवलं की डोळ्यांना सुसह्य होतं. ब्लू-रे लावल्यावर पडदा काळा राहिला तर मध्ये जोडलेला स्प्लिटर काढा. प्लेअर, स्प्लिटर आणि प्रोजेक्टर या तिघांनीही एचडीसीपी हे कॉपी रोखणारं संरक्षण ओळखलं तरच चित्र येतं.

लॅपटॉपचा स्क्रीनसेव्हर, अद्ययावतीकरण आणि मेसेजच्या सूचना बंद करा. चार्जर लावून ठेवा.

सबटायटलं कशी लावायची? मराठी अक्षरांच्या जागी चौकोन येतात.

डीव्हीडीवर असतील ती व्हीएलसीत 'व्ही' कळेने बदलतात. व्हीसीडीवर वेगळी सबटायटलं नसतात. असतील तर ती चित्रातच छापलेली, काढता न येणारी.

स्वतः तयार केलेली मराठी सबटायटलं लावायची तर एसआरटी फाइल (सबटायटलांची मजकूर-फाइल) यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात साठवा. नोटपॅडमध्ये 'सेव्ह ॲज' करताना खाली तो पर्याय आहे. तरीही चौकोन आले तर व्हीएलसीच्या सबटायटल सेटिंगमध्ये देवनागरी फॉन्ट निवडा. ओळी सुरुवातीपासून सारख्याच पुढे-मागे असतील तर 'जी' आणि 'एच' कळांनी जुळवा. सुरुवातीला जुळतात आणि तासाभरात दोन-अडीच मिनिटं सरकतात, असं असेल तर फाइल २४ चौकटींच्या प्रतीवर बनवली आहे आणि तुमची डिस्क २५ ची आहे. तिथे कळा दाबून उपयोग नाही, फाइलमधल्या सगळ्या वेळा २४/२५ ने गुणाव्या लागतात.

कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी मजकूरपट्टी जोडलेली प्रत हवी असेल तर विभागाला लेखी कळवा. कलम ५२(१)(झेडबी) अपंग व्यक्तींसाठी सुलभ स्वरूपात प्रत करू देतं. हे काम हाताने होतं, म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच सांगा.

शोधनिबंधात किंवा परिसंवादात दृश्य वापरता येईल का? ३० सेकंदांपर्यंत चालतं ना?

३० सेकंदांचा असा कोणताही नियम भारतीय कायद्यात नाही. टक्केवारीचाही नाही. कलम ५२(१)(ए) समीक्षेसाठी आणि संशोधनासाठी उचित वापर मान्य करतं. उचित काय हे हेतू आणि गरज यांवर ठरतं. दोन मिनिटांच्या एकसलग दृश्याची बांधणी उलगडायची असेल तर दोन मिनिटं लागतील. नुसत्या सजावटीसाठी दहा सेकंदही नकोत. स्थिरचित्र हवं असेल तर व्हीएलसीत 'ई' कळेने एकेक चौकट पुढे जा आणि शिफ्ट-एस दाबा.

व्याख्यान यूट्यूबवर चढवणार असाल तर दृश्य काढून तिथे स्थिरचित्र ठेवा. तिथली यंत्रणा गाणं ओळखून हक्काचा दावा आपोआप लावते, वापर उचित आहे का हे ती बघत नाही.

संदर्भसूचीत चित्रपट कसा नोंदवायचा?

शीर्षक, दिग्दर्शक, निर्मितीसंस्था, प्रदर्शनाचं वर्ष. पुढे तुम्ही बघितलेल्या प्रतीची माहिती. उदाहरणार्थ :

कुंकू. दिग्दर्शक : व्ही. शांताराम. प्रभात फिल्म कंपनी, १९३७. डीव्हीडी (पाल), [वितरक, डिस्कचं वर्ष], [एकूण मिनिटं], [ग्रंथालयाचा दाखल क्रमांक].

मजकुरात दृश्याची वेळ तास : मिनिट : सेकंद अशी द्या. दोन डिस्कच्या संचात डिस्कचा क्रमांकही द्या, कारण दुसऱ्या डिस्कवर घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. कथानकासाठी गाण्यांच्या पुस्तिकेवर विसंबू नका. विभागात अशा काही पुस्तिका आहेत, पण त्यांतली गोष्ट बहुधा 'पुढे काय झालं ते पडद्यावर पाहा' इथे थांबते.

डिस्क हरवली किंवा तुटली तर?

लगेच सांगा. मुदत संपेपर्यंत थांबू नका. त्याच चित्रपटाची मूळ कंपनीची डिस्क आणून दिलीत तर ती घेतली जाते. घरी बनवलेली किंवा रस्त्यावर घेतलेली प्रत घेतली जात नाही. बाजारात मिळत नसेल तर किंमत भरावी लागते, आणि ती भरेपर्यंत थकबाकी नसल्याचा दाखला अडतो. तुटलेल्या डिस्कचा खोका आणि जाकीट फेकू नका, परत आणा. दोन डिस्कपैकी एक शाबूत असेल तर तीही. निम्मा चित्रपटसुद्धा कोणाच्या तरी कामाचा असतो.

परत करताना डिस्क हातात द्या. पुस्तकांच्या परतीच्या पेटीत टाकू नका, वरून जाडजूड ग्रंथ पडतात.

हवा असलेला चित्रपट इथे नाहीच. पुढे कुठे?

विकत मिळत असेल तर मागणीपत्र भरा. मिळत नसेल तर पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. १९६४ साली स्थापन झालेली ही संस्था आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे. तिथे चित्रपट घरी मिळत नाही, संशोधकाने अर्ज करून तिथेच बसून बघायचा. पटकथा, पोस्टर, स्थिरचित्रं आणि गाण्यांच्या पुस्तिकाही तिथे आहेत. फिल्म्स डिव्हिजनचे १९४८ पासूनचे माहितीपट हवे असतील तरी याच महामंडळाकडे चौकशी करावी लागते.

अर्जाबरोबर मार्गदर्शकाचं किंवा विभागप्रमुखांचं पत्र जोडा. शीर्षक, वर्ष, भाषा आणि दिग्दर्शक चारही लिहा. एकाच नावाचे चित्रपट पुष्कळ आहेत, आणि प्रभातच्या जोड्यांसारखं असेल तर मराठी हवा की हिंदी हे स्पष्ट लिहा. ग्रंथालयाचं शिफारसपत्र लागलं तर दृक्‌श्राव्य विभागातून दोन दिवसांत मिळतं.